मा. प्रवाह यांस : आमच्या सोयीने वाहण्याबाबत

प्रति,
मा. समुद्रप्रवाह,
मु. पो. प्रवाळाच्या डोक्यावरून.

विषय : सरासरी पोहणाऱ्या नाशिककरांना अलगद वाहून नेणे व जेवणाच्या वेळेपर्यंत परत आणून सोडणे.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आम्ही नाशिकच्या जलतरण तलावावरच्या सकाळच्या बॅचचे सभासद. वय चाळिशीच्या पुढे, पोट वयाच्याही पुढे. यंदाच्या सहलीसाठी एका सभासदाच्या मुलीने ‘ड्रिफ्ट स्नॉर्कलिंग’ नावाचा प्रकार सुचवला. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, पाण्यावर पालथं पडायचं आणि हातपाय न हलवता वाहत जायचं. खाली प्रवाळ सरकत राहतो, रंगीबेरंगी मासे दिसतात आणि पलीकडे होडी आपल्याला उचलून घेते. ‘हातपाय न हलवता’ एवढं ऐकूनच ठराव एकमताने मंजूर झाला. व्यायामाच्या नावाखाली पडून राहायची अशी सोय आजवर आम्हाला कोणी दिली नव्हती.

एक शंका मात्र निघाली. आपल्यासारख्या बेताचं पोहणाऱ्यांना हे झेपेल का? मिसळीवर दुसऱ्यांदा तर्री येईपर्यंत शंकेचं निरसनही झालं. ‘‘आपल्याला पोहता येतं की!’’ मग चर्चा हॉटेलात गीझर आहे का आणि मासे न खाणाऱ्यांच्या जेवणाचं काय, या मूळ मुद्द्यावर आली. ज्यांच्या अंगावर आम्ही पालथे पडणार त्या आपल्याला कोणी काही विचारलं नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

‘पोहता येतं’ म्हणजे काय, याचा खुलासा करणं भाग आहे. आमच्या तलावाला भिंती आहेत. तळाशी रेघ आखलेली आहे, ती पकडून गेलं की माणूस चुकत नाही. दम लागला की कठडा धरायचा, धरल्याधरल्या शेजारच्या लेनमधल्या माणसाशी कांद्याच्या भावावर दोन शब्द बोलायचे आणि परत फिरायचं. पाणी आपल्या जागी असतं. त्याला क्लोरीनखेरीज स्वतःचं असं काही नसतं. तलावाला नाव मात्र स्वातंत्र्यवीर सावरकरांचं. ८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात त्यांनी ‘मोरिया’ बोटीतून उडी मारली आणि पोहत धक्का गाठला. त्या नावाच्या पाटीखालून रोज आत जाऊन आम्हालाही समुद्र घरचाच वाटू लागला असेल, तर दोष पाटीचा नाही.

हिशोब घालून बघितला तेव्हा मिसळ उतरली. आमच्यातला बरा पोहणारा २५ मीटर जाण्यासाठी ४० सेकंद घेतो. आपला वेग नॉटमध्ये मोजतात. एक नॉट म्हणजे सेकंदाला अर्ध्या मीटरहून किंचित जास्त. होडीत बसून बघितलं तर एवढं पाणी हलतंय हेही कळत नाही. पण त्या एका नॉटच्या उलट जायचं ठरवलं, तर ४० सेकंदांची आमची फेरी जवळजवळ चार मिनिटांची होते, आणि चार मिनिटं तसा जोर लावत राहील असा गडी आमच्या बॅचमध्ये नाही. आपण दीड नॉटवर आलात, तर आम्ही पूर्ण ताकदीने पोहत मागे जाऊ. वीस मिनिटांत एक नॉटने सहाशे मीटर. म्हणजे जिथे उतरलो तिथे परत यायचं, हा विचारच बाद. आपल्या दारी परतीचं तिकीट मिळत नाही.

आपण म्हणाल, गोदाकाठच्या माणसांना वाहत्या पाण्याचं काय नवल? नवल नाहीच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक सोडलं, होळकर पुलाखालून किती जातंय, हे आम्हाला चहाच्या आधी कळलेलं असतं. ते नाही कळलं, तरी नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढ्यावर भांडी बाजारातला दुकानदार माल वर चढवायचा की नाही ते ठरवतो. आणि प्रकरण त्याच्याही पुढे गेलं, तर नारोशंकराची घंटा आहे. पेशव्यांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची आठवण सांगणारी ती घंटा. पाणी तिला टेकलं की पूर मोठा. १९६९ आणि २००८ ही सालं गोदाकाठी अजून तिथीसारखी सांगितली जातात. पुरात उड्या मारणारी पोरंदेखील आधी मारुतीकडे बघून घेतात. तरी सगळी वर येतातच, असं नाही.

समुद्रावर गेल्यावर हीच माणसं बघतात कशाकडे? तर जाहिरातीतल्या निळ्या रंगाकडे. म्हणून आमची पहिली मागणी अशी की आपल्याकडेही प्रत्येक प्रवाळाजवळ एकेक दुतोंड्या मारुती बसवून मिळावा. दोन तोंडं असल्यामुळे एक भरतीकडे, एक ओहोटीकडे, अशी कामाची वाटणीही सोपी जाईल.

चौकशी केली तर आपला मारुती आधीपासून आमच्याच स्वयंपाकघरातल्या भिंतीवर टांगलेला निघाला : तिथीचं कॅलेंडर! कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, एकादशीला सव्वाआठच्या. मुंबईकडे हा हिशोब घड्याळाच्या बराच जवळ जातो, मालवणाकडे थोडा मागेपुढे होतो. पण दिवस कसा आहे ते तिथी चोख सांगते. पुनवेला आणि अवसेला उधाण, म्हणजे आपण भरात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे आपण सुस्त. त्यातही भरती किंवा ओहोटी चालते साधारण सहा तास, आणि मधल्या दोन तासांत पाणी सगळ्यात जोरात धावतं. दोन्ही टोकांना ते क्षणभर थबकतं. चतुर्थीला चंद्रोदय किती वाजता, हे बॅचमधल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे, उपास सोडायचा असतो ना. त्याच चंद्राकडे आपली दोरी आहे, ही गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात कधी आली नव्हती. सहलीची तारीख ठरली होती ती जोडून सुटी बघून. तिथी काढली तर निघाली पौर्णिमा.

जागेवरूनही वाद झाला. जानेवारी २०२४ मधल्या पंतप्रधानांच्या भेटीनंतर लक्षद्वीपचं नाव काढलं नाही, तर सहलीची बैठक पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही. लक्षद्वीप काय किंवा मालदीव काय, प्रवाळाचं कडं आणि आत उथळ, शांत पाणी. आतल्या पाण्यात तरंगायला आमची हरकत नाही आणि आपलीही नसावी. पण ओहोटीला ते सगळं आतलं पाणी कड्यातल्या खिंडीतून बाहेर पडतं. धरणाचा एकच दरवाजा उचलल्यासारखं. मासे त्या खिंडीतच जास्त आणि ओढही तिथेच. पलीकडे जे आहे त्याला तळ नाही आणि कठडा तर नाहीच. जाणते लोक अशा ठिकाणी भरती आत येत असताना उतरतात, म्हणजे चुकलंमाकलं तर माणूस आतल्या बाजूला जाऊन पडतो. आमची वेळ ठरवली होती नाश्त्यावरून.

मालवणचं म्हणाल तर तिथे जे चालतं त्याला ड्रिफ्ट म्हणता यायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, १९८७ साली घोषित झालेल्या सागरी अभयारण्याच्या परिसरात होडी थांबते, तुम्हाला रिंग धरायला देतात आणि एक पोरगा दंडाला धरून खडकांवरून फिरवून आणतो. पावाचे तुकडे टाकून मासेही बोलावले जातात, जे खरं तर टाकू नयेत. आमच्या बॅचमधल्या हौशी मंडळींना हे कमीपणाचं वाटलं. ‘‘आपल्याला काय लहान मुलासारखं धरायचं?’’ माझं मत विचाराल, तर त्या पोराच्या पंजात जेवढी सुरक्षितता आहे तेवढी आमच्या सगळ्यांच्या फ्रीस्टाइलमध्ये मिळून नाही. तोच कधी पाण्याकडे बघून म्हणतो, ‘आज पाण्याला ओढ आहे, नको.’ तेव्हा ‘आम्ही एवढ्या लांबून आलोय, पैसे भरलेत’ असं म्हणून त्याच्याशी वाद घालणाराही आमच्यातलाच असतो. आपल्याला आमची गाडी किती तास चालून आली ते मोजता येत नाही, याबद्दल आमच्याकडून निषेध नोंदवून घ्यावा.

पाण्यात काय होतं, तेही वाचलं. माणूस बुडताना हात वर करून ओरडतो, हे सिनेमात. स्नॉर्कलवाल्याचं तसं नसतं. नळीत पाणी जातं, ठसका लागतो, तो डोकं वर काढतो. डोकं वर आलं की पाय खाली जातात, उभ्या माणसाचे पाय पाण्यात नुसते सायकल मारतात आणि दोन मिनिटांत दम संपतो. किंवा यातलं काहीच होत नाही. प्रवाहाशी झटापट करताना नळीतून श्वास ओढून ओढून छाती भरून येते, आणि माणूस तोंड खाली घालून शांत पडलेला दिसतो. मजेत मासे बघणारा आणि शुद्ध हरपलेला, दोघे होडीवरून सारखेच दिसतात. हवाईत बाहेरून आलेले पर्यटक सर्वाधिक बुडतात ते याच प्रकारात, आणि त्यांतले बरेच मोठ्या वयाचे, पोहता येणारे असतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, ग्रेट बॅरिअर रीफवर, वयस्कर आणि हृदयविकाराच्या लोकांची आधी चौकशी होते, त्यांना तरंगण्याचं साधन घ्यावं लागतं, आणि ते लांबून वेगळे ओळखू यावेत अशी खूण अंगावर असते. आमच्याकडे लाइफ जॅकेटवरचा मुख्य आक्षेप असा की फोटो चांगला येत नाही.

दमल्यावर पाय टेकू, असं एका काकांचं म्हणणं. टेकणार कशावर? खाली प्रवाळ आहे. तो दगडासारखा दिसतो, पण जिवंत आहे, पाय कापतो आणि जखम लवकर भरत नाही. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळाला पहिल्या अनुसूचीत बसवलंय, वाघाच्या पंक्तीला. काका वाघावर उभे राहायला तयार आहेत का, असं विचारल्यावर विषय बारगळला.

तेव्हा साहेब, सगळं पाहता आमच्या लक्षात आलं की आम्हाला किती पोहता येतं, हा प्रश्न आम्ही उगाच चघळत होतो. ड्रिफ्टमध्ये पोहून कोणी कुठे पोहोचत नसतो. माणूस वाहत येतो आणि कोणीतरी त्याला उचलतं. जॅकेट घातलेला, मान आडवी ठेवून पडून राहणारा, बेताचं पोहणारा माणूस अर्ध्या-पाऊण नॉटच्या पाण्यातून मासे बघत जाऊ शकतो, पण त्याच्या मागोमाग इंजिन सुरू ठेवून होडी येत असली तर. नांगर टाकून ‘फिरून या इकडेच’ म्हणणारी होडी असेल, तर राष्ट्रीय स्पर्धेतल्या जलतरणपटूनेही उतरू नये. आणि होडी असली म्हणजे झालं, असंही नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ वीस पर्यटकांना घेऊन स्कूबाहून परतणारी होडी उलटली आणि दोघांचे जीव गेले. त्यांचं पाण्याखालचं सगळं पार पडलं होतं.

म्हणून सहलवाल्याला आम्ही आता नवं पत्र लिहिलं आहे. होडी मागे येणार की थांबणार? होडीत किती माणसं भरणार? आमच्याबरोबर पाण्यात कोण, आणि एकाच्या वाट्याला कितीजण? जिथून उचलणार ती जागा चुकली तर पुढे काय आहे : वाळू, होड्यांची वाट की उघडा समुद्र? ‘आज नको’ म्हणायचा अधिकार कोणाला, आणि तसं झालं तर पैसे परत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी आलं. बाकीच्यांना ‘काही होत नाही सर, सगळे करतात’ असं एकत्रित उत्तर मिळालं. त्यावरून त्या सहलवाल्याचं नाव यादीतून काढलं आहे.

आमचा सुधारित कार्यक्रम असा. पौर्णिमा सोडून अष्टमी. पावसाळ्यात कोकणात जलक्रीडा बंद असतात आणि पाणीही गढूळ, म्हणून महिना डिसेंबर. पहिल्या दिवशी मालवणात रिंग धरून, दंड त्या पोराच्या हातात देऊन, नळीतलं पाणी फुंकून बाहेर काढायची सवय. तलावावर आत्तापासून नळी लावून, कठडा न धरता, उताणं आणि पालथं तरंगण्याचा सराव. कांद्याच्या भावाची चर्चा बाहेर. ज्यांना हे जमेल त्यांनी पुढच्या वर्षी आपल्या भेटीला यावं. ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची होडी अंदमानात आहे. तीतून मासे तेच दिसतात आणि केसही कोरडे राहतात.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा, की आमच्या अंगावर पट्टीचे पोहणारे असल्याच्या खुणा दिसल्या, महागडे फिन्स, हातावर बांधलेला कॅमेरा वगैरे, तरी आपण त्यांना भुलू नये.

कळावे. ‘लोभ असावा’ असं लिहायची पद्धत आहे, पण आपला लोभ जरा बेताचाच असावा.

आपले,
सकाळची बॅच, नाशिक

ता. क. : प्रकृतीच्या माहितीचा फॉर्म आम्ही सगळ्यांकडून भरून घेतला. वाघावर उभे राहणाऱ्या काकांनी ‘कोणताही आजार नाही’ असं लिहून दिलं होतं. फॉर्म सहीसाठी काकूंकडे गेला. त्यांनी गोळ्यांची नावं लिहिता लिहिता मागचं पानही भरून टाकलं आहे. काका होडीत बसून सगळ्यांच्या चपला आणि मोबाइल सांभाळतील.