आमच्या मारुतीचं बँकॉकमधलं प्रकरण

परदेशात गेलेल्या नाशिककराला एकच दुःख असतं. नाशिक कुठे आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नसतं. शेवटी 'मुंबईजवळ' असं सांगावं लागतं, आणि ते सांगताना घशात काहीतरी अडकतं. पुणेकरालाही असंच सांगावं लागतं, एवढाच त्यात दिलासा.

म्हणून बँकॉकच्या राजवाड्यातल्या वाट फ्रा केओ मंदिरात शिरताना मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या होत्या. इथल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय, 178 चित्रांत. ते त्याला रामकियन म्हणतात. राजेसुद्धा राम पहिले, राम दुसरे असे 1782 पासून चालत आलेले. सध्या दहावे राम गादीवर आहेत. 1782 च्याच सुमाराला आमच्याकडे सरदार रंगराव ओढेकर काळाराम मंदिर बांधायच्या खटपटीत होते. म्हणजे हा मामला घरचाच. बाकीची मंडळी पाचूच्या बुद्धाकडे गेली. मी भिंतीवर पंचवटी शोधत राहिलो.

आमची गाईड गोड मुलगी होती. तिला गाठून मी विचारलं, "शूर्पणखेचं नाक कापतात ते चित्र कुठलं?" तिने दाखवलं. मी छाती फुगवून म्हणालो, "हे आमच्या गावात झालं. माझ्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि मग हात जोडून हळूच म्हणाली, "सॉरी, सर."

तपोवनात आम्ही त्या प्रसंगाचा पुतळाही उभारलाय, हे मग मी सांगितलं नाही.

खरा घोटाळा पुढच्या भिंतींवर झाला. तिथे पांढराशुभ्र हनुमान होता, ते ठीक. पण तो एका मत्स्यकन्येशी लगट करत होता. गाईड म्हणाली, ही सुवण्णमच्छा, रावणाची मुलगी. सेतूचे दगड पळवायला बापाने तिला पाठवलं, हनुमान तिला पकडायला पाण्यात उतरला आणि प्रेमात पडला. पुढे त्यांना मच्छानू नावाचा मुलगाही झाला, धड वानराचं, शेपूट माशाची.

आता हे मी कुणाला सांगू? आमचा मारुती अंजनेरीचा. त्र्यंबक रस्त्याने गेलं की डाव्या हाताला डोंगर दिसतो. त्याचा जन्म अंजनेरीचा की किष्किंधेचा, यावर 2022 मध्ये नाशिकरोडला साधू-महंतांचा शास्त्रार्थ भरला होता. कुणी कुठल्या आसनावर बसायचं इथूनच वाद पेटला, एकाने माइकच उगारला, आणि मारुतीचा जन्म राहिला बाजूला. जन्मावरून ही अवस्था. लग्नाचं कळलं असतं तर! ब्रह्मचारी म्हणून तालमीतालमीत ज्याला शेंदूर लावला, शनिवारी ज्याच्यापुढे नारळ फोडले, तो इथे अठराशे मैलांवर प्रपंच थाटून बसलेला. आपल्याकडेही मकरध्वज आहे, नाही असं नाही. पण आपण तिथे सोय करून ठेवलीय: घामाचा थेंब पडला, तो मगरीने गिळला, आणि मुलगा झाला. मारुतीला पत्ताही नाही. थाई माणसाने एवढे कष्ट घेतले नाहीत. उलट त्या मत्स्यकन्येची चित्रं शुभ म्हणून दुकानांत टांगली. मी बायकोला म्हटलं, "याचा निषेध केला पाहिजे." ती म्हणाली, "कशाला? इथे तो किती खुशीत दिसतोय बघा." चित्राकडे पाहिलं तर खरंच दिसत होता.

दुपारी चाओ फ्राया नदीवर गेलो. इथली नदी म्हणजे रस्ताच. बोटीवरच्या झेंड्याच्या रंगावरून ती कुठे थांबणार ते ओळखायचं. डबे घेतलेल्या ऑफिसच्या मुली, दप्तरवाली पोरं, भिक्खूंसाठी राखलेली जागा. धक्क्याला बोट टेकते न टेकते तोच माणसं उड्या मारून उतरतात. पाणी काही स्फटिकासारखं नाही. पाणवेली तिथेही वाहत होत्या, अगदी आपल्यासारख्या.

आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. वडिलांनी मला गांधी तलावात पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे ढकललं. आता गंगेवर जाणं होतं ते कुणाच्या दशक्रियेला, नाहीतर पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, ते बघायला. त्या मारुतीला आम्ही देव कमी आणि मोजपट्टी जास्त मानतो. येत्या कुंभासाठी पुन्हा कोट्यवधींचे आराखडे निघालेत. दर बारा वर्षांनी घाट नवा होतो, नाले तेच राहतात. पवित्र म्हणून तिला ओवाळायचं आणि नाकाला रुमाल लावून पूल ओलांडायचा, याचा मला फार संताप येतो. बँकॉकची नदी पवित्र नाही, पण तिचा रोज उपयोग होतो. नदीच्या दृष्टीने कुठलं बरं, कोण जाणे.

असो. भूक लागली होती.

आमच्या ग्रुपला रोज संध्याकाळी एका भारतीय हॉटेलात नेत. पनीर, दाल, जिरा राइस, गुलाबजाम. जळगावच्या काकू कोंडाजीच्या चिवड्याची पिशवी काढून ताटांवर भुरभुरायच्या. एवढं समुद्रापार यायचं आणि नाशिक-पुणे हायवेवरच्या ढाब्याचं जेवण जेवायचं! बरं, काकूंची अडचण खरी होती: शाकाहार, शिवाय कांदा-लसूण नाही. पण बँकॉकमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर लावलेल्या गाड्या दिसतात. तिथे मांस, मासे, अंडं तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. बारा महिने चातुर्मास! हे आम्हाला सहलीच्या शेवटच्या दिवशी कळलं, तेही झेंड्याचा फोटो काढताना.

मी मात्र एका संध्याकाळी सटकलो. मिसळ खाणारा माणूस मी. आमच्या काळ्या रश्श्यापुढे जग आळणी आहे अशी माझी बालपणापासूनची श्रद्धा. कोल्हापूरकरांशी मी या विषयावर वाद घालत नाही. ते आधीच लाल झालेले असतात. गाडीवर एक बाई सोम ताम कुटत होत्या. मातीच्या उखळीत आधी लसूण आणि मिरच्या, मग ताडाचा गूळ, लिंबू, माशांचं पाणी, शेंगदाणे, सुकी कोळंबी, शेवटी कच्च्या पपईचा कीस. एका हातात लाकडी मुसळ, दुसऱ्या हातातला चमचा खालचं वर करतोय, धप्प-धप्प असा ठेका. किती मिरच्या, असं त्यांनी बोटांनी विचारलं. मी पंजा दाखवला. बाईंनी माझ्याकडे नीट बघून दोनच टाकल्या.

हा नाशिकचा अपमान होता. पहिल्या घासाला कानशिलं तापली, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यातून बाईंकडे बघत मी म्हणालो, "फिकं आहे." मराठीतच म्हणालो. तरी त्यांना कळलं. त्यांनी हसून आणखी तीन मिरच्या कुटून टाकल्या.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. बायकोने कुठूनतरी चिकट भात, नारळाचं दूध आणि आंब्याच्या फोडी आणल्या. मी हापूसच्या बाजूने एक शब्दही बोललो नाही. बोलता येत नव्हतं. आणि बायको उरलेलं सोम ताम शांतपणे संपवत होती. सिन्नरची आहे ती.

सोम तामला मी दहापैकी नऊ गुण देतो; एक कापला, कारण बरोबर पापड नव्हता. आणि सहल कंपन्यांना हात जोडून विनंती: आठवड्यातल्या एका रात्री तरी पनीर बंद ठेवा, आणि काकूंना पिवळा झेंडा पहिल्याच दिवशी दाखवा.