निर्द्वारग्रामी ध्वनिमुद्रणप्रकरण

वादाचे मूळ एक पेन ड्राइव्ह. माझा भाचा शनिशिंगणापुरात राहतो, पेटी वाजवतो आणि बरे गातो. घरीच भजने रेकॉर्ड करायची त्याने ठरवले. नगरच्या एका मित्राने त्याला पेन ड्राइव्हवर हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर ‘क्रॅक’सकट दिले. ‘‘मामा, हे गावात चालंल का?’’ असा फोन आला. मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवले असल्याने चालेल की नाही एवढेच सांगून गप्प बसणे मला जमत नाही.

आधी परंपरा पाहू. बोललेले टिपून घेण्याच्या कामात आमचा नेवासे तालुका नवखा नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर महाराज नेवाशाच्या पैस खांबापाशी बोलले आणि सच्चिदानंद बाबांनी ते उतरवून घेतले. ओव्या नऊ हजार, ट्रॅक एकच, आणि डिस्क भरल्याची तक्रार नाही.

आता स्थलविचार. शिंगणापुरात जुन्या घरांना दार नाही, चौकटही नाही. पडदा असतो, आणि कुत्रे शिरू नये म्हणून टेकवलेली फळी. देव स्वतः उघड्यावर, साडेपाच फुटांची काळी शिळा, वर छप्पर नाही. अशा गावात स्टुडिओ होतो काय? शास्त्र येथे दोन गोष्टी वेगळ्या मानते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे हा ध्वनिरोध, त्याला जाड भिंत आणि घट्ट दार लागते. आतला आवाज भिंतींवर आपटून घुमू न देणे हे ध्वनिशोषण, त्याला पडदा नि गोधडी पुरते. पहिले आमच्या प्रारब्धात नाही. दुसऱ्यासाठी ताईने आईच्या हातच्या दोन गोधड्या काढून दिल्या, ‘‘फाडल्या तर बघ’’ या अटीवर. गोधडीने खोलीचा घुमारा गेला. उसाच्या ट्रॅक्टरची घरघर मात्र गेली नाही. खर्जातला आवाज गोधडीला जुमानत नाही.

मुख्य वाद सॉफ्टवेअरचा. गावची श्रद्धा अशी, की इथे चोरी करणाऱ्याला शीव ओलांडता येत नाही. रात्रभर चालला तरी पहाटे तो गावातच. पूर्वपक्ष भाच्याने मांडला, आणि मांडला चांगला. चोरीत एकाची वस्तू जाते. इथे कंपनीची वस्तू कंपनीकडे आहेच, आपल्याकडे तिची नक्कल आली. शिवाय नक्कल नगरला झाली. पेन ड्राइव्ह शीव ओलांडून आत आला, बाहेर जायचे नावच नाही, मग अडकणार कोण? यावर उत्तर : भजन रेकॉर्ड झाल्यावर ते बाहेर पाठवायचे आहे ना? फाइल शिवेवर अडली तर? भाचा गप्प झाला. इंटरनेट तिथे तसेही अडते, त्यामुळे त्याला पुरावा पुरेसा वाटला.

तरी जिज्ञासा म्हणून त्या फोल्डरमधली कीजेन त्याने उघडली. कीजेन म्हणजे खोटी किल्ली पाडून देणारी छोटी आज्ञावली, आणि तिच्यातून टिणटिण संगीत वाजते. ही या पंथाची जुनी रीत. चोरकिल्लीला स्वतःचे पार्श्वसंगीत असावे, हे चौसष्ट कलांच्या यादीत राहून गेले. ताईने आतून विचारले, ‘‘झालं का रे रेकॉर्डिंग? चांगलंय.’’ फोल्डर पुसला.

राहिला कुलपांचा विचार. काही महागड्या सॉफ्टवेअरना आयलॉक नावाची यूएसबी किल्ली लागते. ती आमच्या गावात प्रथमदर्शनीच बाद. काहींचे कुलूप ऑनलाइन असते, डोळ्यांना दिसत नाही. याला गावात दाखला आहे. २०११ साली युको बँकेने इथे काढलेली शाखा बिनकुलपाची म्हणून गाजली. दार काचेचे, आणि विद्युतचुंबकीय कुलूप सहजी नजरेस न पडणारे. तेव्हा अदृश्य कुलूप सह्य मानावे, पण उत्तम पक्ष नव्हे. उत्तम पक्ष ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या आज्ञावलीचा. २००० सालापासून फुकट, आणि तिचा कोडही कोणालाही वाचायला मोकळा. घराला दार नाहीच, कपाटेही उघडी. परंतु पेटीवर गाणे, त्यावर टाळ, त्यावर कोरस असे थर चढवून मागेपुढे करायचे तर भाच्याला रीपर हे दुसरे सॉफ्टवेअर सोयीचे वाटले. ते ६० दिवस तसेच वापरा, मग ६० डॉलर द्या. न दिले तरी बंद पडत नाही. उघडताना काही सेकंद खिडकी दाखवून फक्त आठवण करते. कुलूप नाही, नुसती जनाची नि मनाची. हे सॉफ्टवेअर शिंगणापुरात जन्मले नाही याचे मला आश्चर्य वाटते. पैसे भाचा भरणार आहे; एकसष्टाव्या दिवशी मी फोन करणार आहे.

मांडणीत खरा पेच पडला तो विलंबाचा. गायचे आत्ता आणि हेडफोनमध्ये ऐकू यायचे जरा मागाहून, त्याला लेटन्सी म्हणतात. शनीचे नाव शनैश्चर, हळू चालणारा. हा प्रांत त्याचाच. कारण असे : संगणक आवाजाचे नमुने बफरमध्ये साठवून मग पुढे देतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि बफर १,०२४ चा, तर नुसती साठवण २१ मिलिसेकंदांची, जाताना एकदा नि येताना पुन्हा. बफर १२८ वर आणला की २.७, म्हणजे अडीचच्या किंचित पुढे. अगदी खाली नेला तर लॅपटॉप धापा टाकतो आणि आवाजात तडतड होते. शिवाय विंडोजचा मूळ ड्रायव्हर सोडून माइक जोडायच्या डबीसोबतचा एएसआयओ ड्रायव्हर निवडावा लागतो. ही पायरी भाच्याने गाळली होती. तीन दिवस तो स्वतःच्याच मागे गात होता, आणि दोष साडेसातीला देत होता. राशी तपासली. साडेसाती नव्हती.

पातळीबद्दल थोडक्यात : सर्वांत वरची तानही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी, लाल दिवा लागू नये. गाताना स्पीकर बंद, हेडफोन चालू. नाहीतर पेटी माइकमध्ये दुसऱ्यांदा शिरते.

सर्व सिद्ध झाल्यावर रस्त्याकडच्या रसवंतीतले बैलाचे घुंगरू ऐकू येऊ लागले. त्यावर सॉफ्टवेअरकडेच उपाय निघाला आणि त्याचे नाव पाहून आम्ही दोघेही थबकलो : नॉइज गेट. ठरवलेल्या पातळीखालचा आवाज आला की हे गेट बंद, वरचा आला की उघडे. त्या पातळीचे नाव थ्रेशोल्ड, म्हणजे शुद्ध मराठीत उंबरठा. ज्या घराला चौकट नाही त्याला संगणकात गेटही मिळाले, उंबरठाही. हे धर्माला धरून आहे काय? मी दोन दिवस विचार केला आणि निर्णय दिला, की गेटला कडी नाही, सबब चालेल.

उंबरठा उणे ३० वर लावला. घुंगरू उणे ४० चे, ते बाहेर राहिले. सातवा टेक सुरेख चालला होता. दुसऱ्या अंतऱ्यानंतर भाचा श्वासाला थांबला, गेट मिटले, आणि तेवढ्यात पडदा सारून शेजारच्या आक्का आत आल्या. दार नसल्याने वाजवायचा प्रश्न नव्हता. ‘‘आरं, विरजण हाय का वाटीभर?’’

उणे १४ डेसिबल. गेट उघडले.