बॅकला उभा राहणारा गडी

"अगं, तुझा लेक ओट्यावर तोंड पाडून का बसलाय? दुधाचा पेला मघापासून तसाच आहे."

"काही विचारू नका काकू. फुटबॉलच्या सरांनी त्याला बॅकला टाकलंय. म्हणतो, मला गोल मारायचेत, मागे उभं राहून मी काय करू?"

झालं. काकूंनी मेथीची जुडी भिंतीवर ठेवली, दोरा सोडला आणि पानं खुडायला घेतली. म्हणजे आता अर्धा तास तरी हलायचं नाही. जुन्या भोपाळात गप्पा मारायला दुकानांपुढचे दगडी पटिये आहेत. आमच्या कोलार रोडवर कंपाउंडच्या भिंती आहेत. रस्ता सहापदरी झाल्यापासून गाड्यांचा आवाज इतका, की खाजगी बोलायचं तरी वरच्या पट्टीत बोलावं लागतं आणि ते चार घरांपलीकडे पोचतं.

"त्याला महेश गवळी माहीत आहे का?"

"कोण, तुमच्या नात्यातले?"

"नात्यातला कशाला! गोव्याचा गडी. टाटा फुटबॉल अकादमीतून आला, बारा-एक वर्षं भारताकडून बॅकला खेळला. 2003 साली ईस्ट बंगालने जकार्तात जाऊन आसियानचा कप जिंकला, त्या संघात होता. पुढे धेंपो क्लबकडून खेळला. पण नाव कुणाचं झालं? भुतियाचं, छेत्रीचं. गोल करणाऱ्याचा फोटो छापतात, गोल अडवणाऱ्याची चूक छापतात."

"मग माझा मुलगा म्हणतो तेच खरं की!"

"थांब गं, तो कोच झाला ते अजून सांगितलंच नाही." काकूंनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "खेळणं सोडलं आणि हा भारताच्या संघाचा असिस्टंट कोच झाला. तेव्हा मुख्य कोच क्रोएशियाचा, इगोर स्टिमाच. तोही मूळचा बॅकच हं, पण डोकं गरम. 2023 चा जून, बंगळुरूला सॅफ स्पर्धा, समोर पाकिस्तान. त्यांचा गडी थ्रो-इन करायला उभा, तर या साहेबांनी मागून जाऊन त्याच्या हातातला चेंडूच उडवला!"

"अगं बाई! कोचनं?"

"कोचनं. धक्काबुक्की, लाल कार्ड, साहेब बाहेर. आपण जिंकलो 4-0, छेत्रीचे तीन गोल. पण पुढच्या नेपाळच्या मॅचला कोचला बंदी. मग रेषेपाशी उभा कोण? गवळी. 2-0 जिंकलो. साहेब परत आले, कुवेतच्या मॅचला पुन्हा हुज्जत, पुन्हा लाल कार्ड! आता बंदी दोन मॅचची. म्हणजे सेमी-फायनल आणि फायनल."

इथे काकू थांबल्या, कारण भाजीवाला भैया आला. कोथिंबीर घेतली, मिरच्या फुकट घेतल्या, तो पुढे गेल्यावर धागा बरोबर तिथूनच उचलला. काकूंचं हे मला फार आवडतं.

"सेमी-फायनल लेबनॉनशी. एकशेवीस मिनिटं दोन्हीकडून गोल नाही. पेनल्टीवर 4-2. फायनल पुन्हा कुवेत, 4 जुलै, कांतीरवा स्टेडियम. त्यांनी पहिला गोल केला, आपल्या छांगतेने फेडला, 1-1. पेनल्टीत पाच-पाच किका झाल्या तरी बरोबरी. मग नाओरेम महेशने मारली आणि त्यांची आपल्या गोलकीपरने, गुरप्रीतने अडवली. आता हिशेब कर. गवळी उभा होता त्या तीन मॅच, आणि संघाने खाल्लेला गोल फक्त एक. बॅकचा माणूस आहे, दुसरं काय करणार?"

"पण कप स्टिमाचच्या नावावर?"

"त्याच्याच. संघ त्यानेच घडवला होता, ते नाकारून चालणार नाही. पण ऐन वेळी बाकावर थंड डोक्याचा माणूस होता हे आपलं नशीब."

मला हे ऐकून बरंच वाटलं, पण लेकाची बाजू मांडणं भाग होतं. "एकट्या गवळीवरून काय ठरवायचं काकू?"

"एकटा कशाला? गोव्याचाच डेरिक परेरा घे. साळगावकरचा बॅक. कोच झाला तर 2005-06 मध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला नॅशनल लीग जिंकून दिली, पुढे पुणे एफसी सांभाळली. कबड्डीत जोगिंदर नरवाल. डावा कोपरा, म्हणजे पकड करणारा. 2022 मध्ये कप्तान म्हणून दबंग दिल्लीला प्रो कबड्डी जिंकून दिली, 2025 मध्ये कोच म्हणून. आणि दुसऱ्या वेळी हरवलं कुणाला? पुणेरी पलटणला! 31-28. चार दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं."

काकूंचं अजून संपलं नव्हतं. "आणि आमची धाकटी बॉस्टनला आहे ना, ती सांगत होती. तिकडचा तो लांबुळका चेंडू असतो, त्या फुटबॉलमध्ये माईक व्रेबेल म्हणून आहे. पॅट्रियट्सच्या बचावफळीत खेळला, तीन सुपर बोल जिंकला. मग टेनेसीत सहा सीझन कोच, तिथून काढला. काढला तर काढला, 2025 मध्ये पॅट्रियट्सनेच बोलावला. आदल्या सीझनला त्यांनी सतरात चार मॅच जिंकल्या होत्या, याने चौदा जिंकून दिल्या आणि थेट सुपर बोलला नेलं. तिथे सिअ‍ॅटलनं हरवलं, ते सोड."

"पण बॅकच का हो कोच होतात?"

"अगं, लग्नात मागच्या खुर्चीवर बसलेल्या आत्याला सगळं दिसतं. कोण रुसलं, कोण जेवून सटकलं, कुणाची साडी कुणाच्या अंगावर. पुढे नाचणाऱ्यांना काय दिसणार? बॅकच्या पुढ्यात अख्खं मैदान असतं. वर त्याला दिवसभर ओरडावं लागतं. तू डावीकडे सरक, तू त्याला धर. कोचचं काम तो खेळतानाच शिकतो."

मी शेवटचा पत्ता टाकला. "मग आपल्या भोपाळचे अस्लम शेर खान? हॉकीतले फुलबॅक. ते कुठे कोच म्हणून गाजले? ते तर बैतूलहून खासदार झाले."

काकू जरा अडल्या. आमच्या भोपाळात हे नाव वरच्या पट्टीतच घेतात. 1975 च्या वर्ल्ड कपच्या सेमी-फायनलला मलेशिया पुढे होता, वेळ संपत आलेली, आणि बाकावरून उठवलेल्या या पोराने गळ्यातला ताईत ओठांना लावून पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी केली. फायनलला पाकिस्तानला 2-1 हरवून कप आपल्याकडे आला, तो पुरुषांचा एकुलता एक. काकूंचे 'हे' भेलच्या कारखान्यातून सुटले की सायकलवर ऐशबाग स्टेडियमला हॉकी बघायला जायचे, त्यामुळे त्या घरात अस्लमभाईंविरुद्ध शब्द निघत नाही.

"ते भोपाळी," काकू शेवटी म्हणाल्या. "भोपाळी माणूस कधी कुठल्या नियमात बसलाय? पण गोल बघ की. बॅक असूनच केला ना? सांग तुझ्या लेकाला."

लेक कधीचा ओट्यावरून उठून भिंतीपाशी आला होता. पेला रिकामा.

"वर्षभर बॅकलाच खेळू दे त्याला," काकूंनी देठं गोळा करत निकाल दिला. "सरांना सांगायला जाऊ नकोस. आणि हे बघ, रविवारी माझी पुण्याची जाऊ येतेय. तिच्यासमोर त्या जोगिंदर नरवालचं नाव काढू नकोस हं."