म्होरक्यासह कळसूबाई: एक सोपी पद्धत

ऑक्टोबरात कळसूबाईला जायचं ठरलं की पहिली गरज म्होरक्याची. त्याची निवड करावी लागत नाही. प्रत्येक सोसायटीत, बँकेच्या प्रत्येक शाखेत आणि दहावीच्या प्रत्येक बॅचमध्ये तो आधीच तयार असतो. गळ्यात शिट्टी, डोक्यावर मळकी टोपी आणि तोंडात एक वाक्य, "वाट मला झोपेतही सापडेल." त्याला सगळे दादा म्हणतात, त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा.

नियम पहिला: वेळ. म्होरक्याच्या ग्रुपवर मेसेज येतो, "पहाटे चारला निघायचं, उशीर करणाऱ्यासाठी थांबणार नाही." मग साडेचारला कुणीतरी "उठलोय" असं कळवतो, त्याच्यासाठी गाडी थांबते आणि घोटीला मिसळ होते. मिसळीनंतर चहा होतो. चहानंतर ज्याला मघाशी चहा नको होता, त्याचा चहा होतो. अकोले तालुक्यातलं बारी गाव गाठेपर्यंत साडेनऊ वाजतात आणि म्होरक्या घड्याळाकडे बघून म्हणतो, "बरोबर वेळेत आहोत."

बरोबर वेळेत तो नसतो, पाऊस असतो. कळसूबाई म्हणजे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटर. रमतगमत जाणाऱ्या घोळक्याला बारीतून माथा गाठायला तीन-साडेतीन तास सहज लागतात. म्हणजे साडेनऊला निघालेली मंडळी एकच्या सुमारास वर. परतीच्या पावसाची कामाची वेळही नेमकी तिथून पुढे सुरू होते. जून-जुलैचा पाऊस दिवसभर लागून राहतो, त्यामुळे निदान फसवत तरी नाही. ऑक्टोबरात सकाळ लख्ख असते. जमीन तापते, दमट हवा वर चढते, दुपारी ढगांचे मनोरे उभे राहतात आणि मग विजांसह जे काही यायचं ते अर्ध्या तासात येतं. खाली घाम गाळणारा माणूस वर थंडीने काकडतो, कारण हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते आणि भिजल्या अंगाला वारा लागला की त्याहूनही जास्त गार वाटतं.

नियम दुसरा: कपडे. जीन्स नको. भिजली की वाळत नाही आणि शिडीवर गुडघा वाकू देत नाही.

नियम तिसरा: ढगांचं वाचन. म्होरक्या ढगाकडे पाहतो, डोळे बारीक करतो आणि जाहीर करतो, "हा तिकडे जाणार." तिकडे म्हणजे कुठे, हे विचारायचं नसतं. ज्यांना त्याच्या विद्येवर भरवसा नाही त्यांनी साधी गोष्ट करावी: पांढरा ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर वर फुगत असेल आणि त्याचा तळ काळा पडत असेल, तर आपण खालच्या दिशेला तोंड करावं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे फार जवळ. आणि कळसूबाईच्या वाटेवर जागोजागी काय आहे? लोखंडी शिड्या आणि लोखंडी कठडे. गडगडाट ऐकू आल्यावर त्यांवर रांग लावून उभं राहणं हा भक्तीचा प्रकार नव्हे. माथ्यावरचं देऊळही विजेपासून वाचायचं ठिकाण नाही; उघड्या शिखरावरची ती एक इवलीशी खोली आहे. हे सगळं म्होरक्याला सांगून पाहावं. तो म्हणेल, "आलंच, पाच मिनिटं." कळसूबाईवरची पाच मिनिटं आजवर कुणी मोजलेली नाहीत.

आता खरं सांगायचं तर वैताग एवढाच आहे की हा माणूस वाईट नसतो. धाप लागलेल्या काकूंची सॅक तो न बोलता स्वतःच्या पोटावर अडकवतो. वाटेवर गावकऱ्यांनी लावलेल्या टपऱ्यांवर काकडी आणि लिंबूसरबत सगळ्यांना घ्यायला लावतो, पैसे स्वतः देतो आणि मीठ जरा जास्त टाकायला सांगतो. चार तास घाम गाळलेल्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. उतरताना सर्वांत मागच्या माणसाच्याही मागे राहतो. ओल्या कातळावर टाच आधी न टेकवता पूर्ण पाऊल सपाट टाकायचं आणि शिडीवर तोंड डोंगराकडे ठेवून उतरायचं, हे तो प्रत्येकाला करून दाखवतो. हे त्याला खरोखर येतं. फक्त मागे फिरणं येत नाही.

म्हणून शेवटचा नियम म्होरक्याच्या बायकोसाठी आहे, कारण तो दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने हवामान खात्याचा अंदाज त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा. विजांचा इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. नसेल तर उजाडताच बारीतून चढाई सुरू होईल आणि अकराला, मंडळी कुठेही असोत, उतरणीला लागतील, असं कबूल करून घ्यावं. तेवढं जमलं तर आकाश स्वच्छ असताना माथ्यावरून भंडारदऱ्याचं पाणी दिसतं, शेजारी अलंग, मदन, कुलंग दिसतात, उतारावर सोनकी पिवळी पसरलेली असते आणि दुपारी दोनला बारीत पिठलं-भाकरी खाता येते.

हे वाचून तुमचा म्होरक्या "मला सगळं ठाऊक आहे" म्हणेलच. त्याच्याशी वाद घालू नका. सॅकमध्ये बॅटरी आहे का, एवढंच विचारा, आणि तो मोबाइल दाखवू लागला तर स्वतःची घेऊन जा.