अर्ध्या नंबराचा न्याय

प्रति,
श्रीमान आयकर कायदा, सन १९९७,
मुक्काम कॅनबेरा, ऑस्ट्रेलिया.

विषय : वैमानिकाच्या काळ्या बुटांचे चारित्र्य आणि त्यांच्यावरील करवजावट.

महोदय,

सा. न. वि. वि.

आपले आर्थिक वर्ष ३० जूनला संपले आणि विवरणपत्रांचा हंगाम सुरू झाला. ३१ ऑक्टोबरपर्यंत तो चालेल. या दिवसांत वैमानिकांच्या खोलीत हवामान, इंधन आणि ड्यूटीचे तक्ते यांच्या खालोखाल चर्चा होते ती बुटांची. मी इथे स्थायिक झालेला एक मराठी वैमानिक. माझी कुणा अधिकाऱ्याविरुद्ध तक्रार नाही. आपल्या सूक्ष्म बुद्धीचे जाहीर कौतुक करावे, एवढ्याचसाठी हा पत्रप्रपंच.

आपले कलम ८-१ किती सुटसुटीत! उत्पन्न मिळवण्यासाठी केलेला खर्च वजा करा, खासगी आणि घरगुती खर्च वजा करू नका. शाळकरी पोरालाही कळावे. पण पुढे बूट येतात आणि आपली प्रतिभा बहरते. आपला दंडक असा, की वस्तू 'नेहमीच्या पोशाखातली' असली की विषय संपला. मालकाने तिची सक्ती केलेली असो, ती फक्त कामावरच वापरलेली असो, आपण बधत नाही. साधा काळा चामडी बूट कुणाच्याही लग्नात घालून जाता येतो, म्हणून तो खासगी. प्रत्यक्षात घालून गेलो का, हे आपण विचारीतही नाही. जाता आले असते, एवढा संशय आपल्याला पुरतो.

आता आमच्या घरची रीत सांगतो. बूट उंबऱ्याच्या आत येत नाहीत. मंडळाच्या गणपतीला ते हॉलच्या दाराशी, सत्यनारायणाला जिन्यात. लग्नाला घालून गेलोच तर मांडवाबाहेर काढायचे, आणि नवरदेवाच्या मेहुण्यांची नजर चुकीने आपल्या जोडीवर गेली तर अनवाणी परतायचे. एवढ्या निर्बंधांत या बिचाऱ्यांनी खासगी आयुष्य जगायचे तरी कुठे?

शिवाय हे बूट एकदा हातात घेऊन पाहावेत. टाचेची मागची कड तिरकी झिजलेली दिसेल. विमान जमिनीवर असताना वैमानिकाची टाच फरशीवर टेकलेली असते आणि चवडा रडर पेडलवर. ब्रेक लावायचा तर पाय वर सरकवून पेडलचा वरचा भाग चवड्याने दाबायचा. बुटाचा तळ जाडजूड असेल तर पेडल पायाला कळत नाही, गुळगुळीत असेल तर पाय घसरतो. बुटात पोलादी पट्टी असली की सुरक्षा तपासणीचे यंत्र बोंब मारते, म्हणून बिनधातूचा बूट हुडकायचा. आणि प्रत्येक उड्डाणाआधी याच बुटांनी विमानाभोवती फेरी मारायची. टायर, लँडिंग गिअर, इंजिनाची पाती, सगळे डोळ्यांखालून घालायचे. मग पाऊस असो की उन्हाने तापलेले काँक्रीट. खाली कुठे हायड्रॉलिकच्या जांभळ्या तेलाचे थेंब सांडलेले असतात. ते कातडीला लागले तर आग होते. लग्नाच्या मांडवात असली कामे मी तरी कुणाला करताना पाहिलेली नाहीत.

त्याच काँक्रीटवर माझ्यापासून दहा पावलांवर सामान चढवणारा मित्र उभा असतो. त्याच्या पायात पोलादी टोपीचे बूट असतात. ते संरक्षक पादत्राण, त्यामुळे वजावट मंजूर. हे योग्यच आहे. तीस किलोची बॅग पायावर पडली तर काय होते, हे त्याला ठाऊक आहे. फेरीच्या वेळी मी जे चमकदार जाकीट अंगावर चढवतो, तेही संरक्षक. स्वतःच्या पैशाने घेतले तर तेही मंजूर. कंपनीच्या चिन्हाचा सक्तीचा गणवेश मंजूर, आणि तो घरी धुतला तर यंत्राच्या एका घाण्याला एक डॉलरही मंजूर. विमानातल्या कोरड्या हवेने कातडी सुकते म्हणून तोंडाला लावायचे मॉइश्चरायझरसुद्धा मंजूर! म्हणजे आपल्या हिशेबाने मी डोक्यापासून घोट्यापर्यंत नोकरीवर असतो आणि घोट्याखाली रजेवर. तोंडाला क्रीम लावणे हे कर्तव्य आणि बुटाला पॉलिश करणे ही हौस.

आपल्या घराण्यात बूट कधीच मान्य झाले नाहीत, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९९६ साली केबिन क्रूमधल्या एका महिलेचा खटला आपल्या फेडरल कोर्टात न्यायमूर्ती हिल यांच्यापुढे चालला. उड्डाणात पाय सुजतात, म्हणून तिला अर्धा नंबर मोठे बूट घ्यावे लागत. ते ग्राह्य धरले गेले. गणवेशाचे पायमोजे, मॉइश्चरायझर आणि केसांचे कंडिशनर यांनाही न्याय मिळाला. केशभूषेला मात्र मिळाला नाही. तात्पर्य काय, तर आपल्या दरबारी मापात बसणारा बूट खासगी आणि मापात न बसणारा बूट व्यावसायिक. ज्याच्यात पाय डुगडुगतो, त्याच्यात कर वाचतो.

या तत्त्वाला अनुसरून मी दोन सूचना करू इच्छितो.

पहिली अशी, की सर्व वैमानिकांनी अर्धा नंबर मोठे बूट घालावेत. अडचण एकच. न्याय मिळेल, पण ऐन वेळी पेडल मिळणार नाही.

दुसरी सूचना अधिक व्यवहार्य आहे. आपण एक फट ठेवलेली आहे. बूट हा वेगळा ओळखू येणाऱ्या सक्तीच्या गणवेशाचा आवश्यक भाग असेल, आणि त्याचा रंग, घाट व प्रकार कंपनीच्या नियमात नेमका लिहिलेला असेल, तर विचार होऊ शकतो. नुसते 'काळे, नीटनेटके बूट' म्हटले तर ते नेहमीच्या पोशाखात ढकलले जाण्याची भीती. तेव्हा विमान कंपन्यांनी वैमानिकांसाठी हळदी रंगाचा, बाजूला पंख चितारलेला आणि मागे छोटी शेपटी शिवलेला बूट सक्तीचा करावा. असा बूट घालून कुणी लग्नाला गेलाच तर वधूपिताच त्याला वाटेला लावील, आणि खासगी वापराची शंका मुळापासून मिटेल. कॅप्टनसाहेबांचे पाय पाहून दोन-चार प्रवासी विमानातून उतरतील, पण वजावटीला धक्का लागणार नाही.

या कोड्यात आपण एकटे नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ साली एका महिला बॅरिस्टरला कोर्टातल्या काळ्या कपड्यांची वजावट नाकारली. अंग झाकणे ही तिची माणूस म्हणूनही गरज आहे, असा त्यांचा युक्तिवाद. पण त्याच ब्रिटनने पुढे गणवेशधारी वैमानिकांना वर्षाकाठी १,०२२ पौंडांची ठरीव वजावट देऊन टाकली आणि बूट की मोजे हा वाद गुंडाळून ठेवला. अमेरिकेने २०१८पासून पगारदारांच्या असल्या खर्चाच्या वजावटीवरच बोळा फिरवला. भारतात नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळते. त्यात बूट घाला की कोल्हापुरी वहाण, सरकार पायाकडे पाहत नाही. आपण मात्र वाकून, चष्मा लावून, एकेका बुटाची चौकशी करता. एवढे लक्ष आमच्या पायांकडे आमच्या आईनेही दिले नसेल.

आणि हे सगळे किती रकमेसाठी? वजावट म्हणजे बुटाचे पैसे परत, असा आमच्यातल्या नवख्यांचा समज असतो. २०० डॉलरचा बूट, ३७ टक्क्यांच्या टप्प्यातला वैमानिक, म्हणजे वाचणार ७४ डॉलर. त्यासाठी कायद्याची कलमे, फेडरल कोर्टाचा निवाडा, कर खात्याची पानेच्या पाने मार्गदर्शिका आणि माझे हे पत्र. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

महोदय, पायातली वहाण पायातच बरी, हे आम्हालाही मान्य आहे. ती डोक्यावर घ्या, असे कुणी म्हणत नाही. मागणे एवढेच, की हा बूट आणखी कुठे जाऊ शकला असता, हे विचारण्याऐवजी तो पगारासाठी कुठे झिजला, हे विचारावे. उत्तर टाचेवर आहे. त्यासाठी न्यायमूर्ती लागत नाहीत, एखादा चांभारही सांगेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक करदाता,
(घोट्यापर्यंत) एक वैमानिक

ता. क. : पुरावा म्हणून बूट या पत्रासोबत पाठवणार होतो. पण मराठी माणसाने सरकारला जोडे पाठवले, तर त्याची बातमी निराळीच होते. सबब, प्रत्यक्ष पाहणीसाठी विमानतळावर यावे. यायचे तेव्हा चमकदार जाकीट घालून या. त्याची वजावट मिळते.