एकांतवासी भाऊजी

आमच्या भाऊजींची कादंबरी गेली कित्येक वर्षं डोक्यात तयार आहे. ती कागदावर उतरत नाही, याला पुणं जबाबदार. वरच्या मजल्यावरचा मिक्सर, समोरच्या शाळेची घंटा आणि मुख्य म्हणजे ताईचा कुकर. तिसरी शिट्टी झाली की भाऊजी पेन खाली ठेवतात आणि म्हणतात, "निसर्गाच्या सान्निध्याशिवाय हे व्हायचं नाही." मग पाऊस ओसरला की दापोलीजवळच्या वडिलोपार्जित घरी एकांतवासाला रवाना.

तयारी बघण्यासारखी असते. कोरे कागद, शाईची दौत, ओडोमॉस, मेतकूट, ताईनं कुरकुरत वळलेले डिंकाचे लाडू आणि दुर्गाबाई भागवतांनी केलेला 'वॉल्डन'चा अनुवाद. थोरो हे त्यांचं दैवत. "4 जुलै 1845! माणूस उठला आणि तळ्याकाठी राहायला गेला. खोपटाला खर्च किती? 28 डॉलर साडेबारा सेंट!" यावर ताई लाडवांच्या डब्याचं झाकण लावत म्हणते, "गाव दीड मैलावर होतं आणि मधूनमधून घरी जेवायला यायचा, तेही सांगा की." भाऊजींच्या मते हा किरकोळ तपशील आहे.

निघताना बजावतात, "आता मला कुणी फोन करायचा नाही." ताम्हिणीतून धबधब्याचा फोटो येतो, माणगावातून मिसळीचा. घरात रेंज नसते, फक्त विहिरीपाशी. त्यामुळे तिन्हीसांजेला तिथं एक हात वर धरून ते प्रत्येक नातेवाइकाला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगतात, "काय शांतता आहे म्हणून सांगू!"

गावाला मात्र लेखक म्हणजे लिहिणारा माणूस, एवढं सरळ कळतं. भाऊजींनी पडवीत बैठक मांडली की दुपारपर्यंत खळ्यात चपलांचा ढीग. कुणाची सातबाऱ्यावर वारसनोंद राहिलेली, कुणाच्या आवारातला विजेचा खांब कललेला. "काका, जरा अर्ज लिहून द्या." काका "मी कामात आहे" असं पुटपुटत टोपण काढतात. बरोबर नेलेले लाडू या मंडळींतच संपतात.

एकदा ओढ्यावरचा साकव वाहून गेला. भाऊजींनी गटविकास अधिकाऱ्यांना चार पानी अर्ज लिहिला. पहिली दोन पानं पावसाचीच. सरपंचबाईंनी तो उभ्याउभ्या वाचला आणि परत दिला. "काका, आभाळ राहू दे. साकव कधी गेला ती तारीख घाला, आणि पोरं शाळेत कंबरभर पाण्यातून जातात ते वर घ्या." मला वाटतं, इतका नेमका संपादक भाऊजींना पुण्यात कधी भेटला नाही. ते चिडले, ओटीवर येरझाऱ्या घातल्या आणि रात्री कंदिलाशी बसून अर्ज पानभराचा केला. पुढच्या वर्षी साकव मंजूर झाला. कुणी नारळ आणून दिले, कुणी कोकमं.

परवा दिवाळीत त्यांच्याकडे गेलो, तर भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खाली मान घालून लिहीत होते. शेजारी कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होता, त्यांना पत्ता नाही. कादंबरी सुरू झाली म्हणून मी हरखलो. पाहतो तर वनखात्याला अर्ज: वानरांनी केलेली बागेची नासधूस, पंचनाम्याची विनंती.

"वाच," ते म्हणाले. मी वाचला. चोख होता.

"खरं सांग," भाऊजी चष्मा पुसत म्हणाले, "टोळीतला तो म्हातारा हुप्प्या अजून जरा फुलवायला हवा होता ना?"