उरलेले २७ एकर

नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांचं म्हणणं असं की एका देशी गाईच्या शेण-गोमूत्रावर ३० एकर शेती होते. अहमदपूर तालुक्यातल्या आमच्या आण्णांकडे गाय एक आहे, चांगली अंगापिंडानं भरलेली देवणी. जमीन मात्र तीनच एकर, तीही बालाघाटाच्या उतारावरची, मुरमाड. म्हणजे हिशोबानं २७ एकरांचं शेण शिल्लक राहतं. ते आण्णा तोंडानं पसरवतात.

बांधावर, एसटीत, मयतीला, कुठंही. एका सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या बापानं विचारलं, "शेती किती हाय?" मुलाच्या आधी आण्णाच बोलले, "किती ते सोडा वो, रानात गांडूळ हायेत का ते इचारा." सोयरीक जुळली, पण चहा दोनदा गरम करावा लागला.

जीवामृत करताना आण्णांना बघावं. निळा ड्रम, २०० लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं, ४८ तासांनी एकराला घालायचं. कुणी हौसेनं जर्सीचं शेण आणून दिलं तर पाटी नाकाजवळ नेऊन आण्णा ती तशीच परत करतात. बेसन घरच्या डब्यातून जातं, त्यामुळं पेरणीनंतर या घरात पिठलं होत नाही. गोमूत्रासाठी पहाटे चारलाच बादली घेऊन गोठ्यात उकिडवे बसतात. गाय उठल्या उठल्या मुतते, हा त्यांचा शोध. काकू म्हणतात, "माझ्या बाळंतपणात येवढं जागले न्हाईत."

२०१६ साली पाळेकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा आण्णांनी गावात गूळ वाटला. ड्रमातला उरलेला.

खरी गंमत २०२२ च्या पावसाळ्यात झाली. लातूर-बीडकडं शंखी गोगलगाईंनी उगवतं सोयाबीन रात्रीतून कुरतडून टाकलं. आण्णांच्या रानात तर पालापाचोळ्याचं आच्छादन. दिवसा गारवा, ओल, सावली. रात्री कोवळं जेवण. शिवारभरच्या गोगलगाई मुक्कामाला आल्या. शेजारी बांधावरून ओरडला, "आण्णा, तुमच्या रानात जीव लई वाढलेत की!" त्यानं आपल्याकडं विषारी गोळ्या टाकल्या. आण्णांनी गुळाच्या पाण्यात गोणपाटं भिजवली, दिवस मावळता बांधाकडेनं अंथरली आणि उजाडायच्या आत उलटी करून खाली चिकटलेली सगळी वरात मिठाच्या पाण्यात बुडवली. हा उपाय कृषी खात्याचे लोकही सांगत होते, पण आण्णांच्या तोंडून ऐकताना तो गाईनंच सांगितलाय असं वाटे. तरी बरंच पीक गेलं. "निसर्गाचा वाटा," आण्णा म्हणाले. काकूंनी त्या वाट्याचा हिशोब रुपयांत सांगितला, तेव्हा गाईला पाणी दाखवायची वेळ झाली होती.

माणूस नुसताच बोलका असता तर सोपं होतं. पुढच्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला, शेजारच्या सोयाबीननं दुपारी माना टाकल्या, आणि आण्णा येईल त्याला रानात नेऊन काडीकचरा बाजूला सारून दाखवू लागले. खाली माती काळी, ओलसर, बोट दोन पेरं आत जाईल अशी. गोळ्या टाकणारा शेजारीही बघून गेला. बोलला काही नाही. पण त्या हंगामात त्यानं सोयाबीनचं काड पेटवलं नाही.

मोंढ्यात मात्र आण्णांचं काही चालत नाही. कट्टे उतरले की ते सुरू होतात: खताचा दाणा नाही, औषधाचा थेंब नाही, देवणीचं शेण. आडत्या मूठभर सोयाबीन मशीनमध्ये टाकतो आणि आकडा वाचतो. "आण्णा, ह्यात ओलावा दिसतो, गाय दिसत न्हाई." भाव सगळ्यांना तोच. हमाल सोयाबीन सगळ्यांच्या ढिगात ओततो. आण्णा त्या ढिगाकडं बघत राहतात, पोरगी सासरी चालल्यासारखे.

यंदा पट्टी हातात देताना आडत्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुमच्या तुरीची डाळ केलीय म्हणं. घरच्यासाठी दहा किलो ठिवा की. मोंढ्यातली खाऊन पित्त होतंय."

आण्णांनी पट्टी खिशात घातली, शेजारची खुर्ची ओढली आणि मांडी घातली.

"ठिवतो की शेठ. पर आधी सांगा, तुमच्याकडं रान किती हाय?"